मक्यावरची लष्करी अळी: आधी पाहणी, मग पंप

दर वर्षी जुलैचा शेवटचा आठवडा उजाडला की फोन सुरू होतात. "भाऊ, तीन फवारे झाले, अळी काही हटत नाही, आता कोणतं औषध मारू?" मी औषधाचं नाव लगेच सांगत नाही. मका किती दिवसांचा, अळी केवढी, आणि फवारा किती वाजता मारला, एवढंच विचारतो. "दीड महिन्याचा झाला, अळी बोटाएवढी आहे, आणि काल दुपारी जेवायच्या आधी उरकून घेतलं." आता यात औषधाचा दोष काय? ते अळीपर्यंत पोचलंच नाही, आणि पोचलं असतं तरी अळी एवढी मोठी झालेली की तिला मारायला ते पुरं पडलं नसतं.

सिल्लोड, कन्नड, भोकरदन, येवला, मालेगाव, सटाणा, या पट्ट्यात मका म्हणजे घरचं पीक, आणि ही अमेरिकन लष्करी अळी २०१८ पासून आपल्या मुक्कामाला आहे. तरी चुका त्याच त्या. म्हणून पेरणीआधीपासून काढणीनंतरपर्यंत काय, कधी आणि कशाच्या नंतर करायचं ते क्रमानं लिहितोय. मधला टप्पा गाळून पुढं उडी मारली की पैसे जातात, हे स्वतःच्या खिशातून शिकलोय.

१. आधी अळी नक्की कोणती ते बघा

मक्यात अळी दिसली की लष्करीच, असं धरून चालू नका. खोडकिडा असतो, कणसात घाटेअळी असते, कधी तंबाखूवरची पानं खाणारी अळीही सापडते. अळी तळहातावर घ्या (चावत नाही), तोंडाकडून बघा. डोक्यावर पांढुरक्या रेषेचा उलटा इंग्रजी वाय दिसतो, आणि शेपटीकडच्या शेवटून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके चौकोनात, लुडोच्या फाशावर चार पडावेत तसे. दोन्ही खुणा असतील तर ती हीच. एकदम लहान अळीत या खुणा नीट दिसत नाहीत, तेव्हा मोबाईलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा आणि मग फोटो मोठा करून बघा.

खोडकिड्याचं कसं, पान उलगडलं की त्याच्यावर आडव्या ओळीत बारीक भोकं दिसतात, शिवणयंत्र फिरवल्यासारखी, आणि पुढं पोंगा (शेंड्याच्या न उलगडलेल्या पानांची सुरळी) सुकून ओढला की हातात येतो. लष्करी अळीची भोकं वेडीवाकडी, लांबट, पानाच्या कडा कुरतडलेल्या, आणि पोंग्यात लाकडाच्या ओल्या भुशासारखी विष्ठा गच्च भरलेली. लहान मक्यात ही अळीसुद्धा पोंगा मारते, म्हणून नुसत्या वाळलेल्या पोंग्यावरून ठरवू नका, पोंगा उकलून अळी बघा.

२. पेरणीआधीची तयारी

इथं सगळ्यात कमी खर्च आहे आणि इथंच सगळ्यात जास्त टाळाटाळ.

या किडीचे कोष जमिनीत साधारण २ ते ८ सेंटीमीटर खोलीवर असतात, म्हणजे फार खोल नाही. मका निघाल्यावर नुसता रोटावेटर फिरवून लगेच परत मका टाकला तर पुष्कळ कोष जागेवरच राहतात. खोल नांगरट करून रान उन्हात तापू द्या.

दुसरं, शेजाऱ्यांशी बोला. तुमचा मका १५ जूनला, शेजाऱ्याचा ५ जुलैला, त्याच्या पलीकडच्याचा वैरणीचा मका २५ जुलैला, असं झालं की पतंगाला दोन महिने कोवळा पाला तयार. मादी पतंग एका रात्रीत कितीतरी किलोमीटर उडून जाते, वाऱ्याची साथ असेल तर १०० किलोमीटरपर्यंत, त्यामुळं तुमच्या गावातून ती पूर्ण हटवता येणार नाही हे मान्य. पण शिवारात आठ-दहा दिवसांच्या आत सगळ्यांची पेरणी झाली तर उशिराच्या रानावर जो सगळा मारा येतो तो येत नाही. हे लोकांना पटवणं औषध फवारण्यापेक्षा अवघड आहे, माहितीये मला.

तिसरं बीजप्रक्रिया. सायॲन्ट्रानिलीप्रोल १९.८ टक्के अधिक थायामेथोक्झाम १९.८ टक्के हे मिश्र औषध किलोला ६ मिली चोळलं की उगवणीनंतर पहिले दोन-तीन आठवडे बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. हायब्रीडच्या पिशवीतलं बी आधीच रंगवलेलं असतं, पण रंग दिसला म्हणजे अळीचं औषध लावलंय असं नाही, बऱ्याचदा ते फक्त बुरशीनाशक असतं. पिशवीवरचं लेबल वाचा.

थांबा आणि लिहून ठेवा: बियाण्याला कोणतं औषध लागलंय ते वहीत लिहा, पुढं सातव्या टप्प्यात ते लागणार आहे. तोपर्यंत पिशवी कुठं गेली ते सापडत नाही, म्हणून आत्ताच.

आंतरपीक घेत असाल तर तूर, मूग, उडीद चालतात. बांधाच्या कडेनं नेपियर गवताच्या तीन-चार ओळी असतील तर पतंग तिकडंही अंडी घालतात, पण मग ते गवतही बघत जावं लागतं, नाहीतर आपणच अळीची नर्सरी पाळल्यासारखं होतं.

३. सापळे लावा, पण त्याचा अर्थ समजून

उगवण झाल्याबरोबर एकरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, नरसाळ्याचे. फार नर पकडून संख्याच कमी करायची असेल तर एकरी १५ लागतात, पण निव्वळ नजर ठेवायला ५ पुरे. सापळा पिकाच्या शेंड्याच्या थोडा वर ठेवायचा आणि मका वाढेल तसा वर सरकवायचा. आमच्या शिवारात कितीतरी सापळे लावले त्या दिवसापासून तसेच गुडघ्याएवढ्या उंचीवर मक्यात बुडालेले असतात.

ल्युअरच्या (सापळ्यातल्या मादीच्या वासाच्या गोळीच्या) बाबतीत तीन चुका नेहमीच्या. कापसाच्या गुलाबी बोंडअळीचा किंवा घाटेअळीचा शिल्लक ल्युअर यात लावणं, त्याला या अळीचा नर येतच नाही. "जास्त येतील" म्हणून एकाच सापळ्यात दोन किडींचे दोन ल्युअर अडकवणं. आणि तंबाखू मळलेल्या हातानं ल्युअर हाताळणं. ल्युअर साधारण महिन्याला बदला, बदलल्याची तारीख सापळ्याच्या काठीवर मार्करनं लिहा.

सकाळी सापळा रिकामा करताना नर मोजा. नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाला पांढुरका डाग असतो, मादी साधी राखाडी, आणि मादी या सापळ्यात येत नाही. सरासरी सापळ्याला ३ नर दिसायला लागले की समजा अंडी घालणं चालू झालंय, रानात उतरायची वेळ झाली. याचा अर्थ फवारणीची वेळ झाली असा नाही! एकानं सापळ्यात १२ पतंग बघून त्याच संध्याकाळी अख्खा एकर फवारला, तेव्हा रानात एक अळी नव्हती, सगळी अंडी होती. दोन-तीन दिवसांनी अळ्या निघाल्या आणि औषधाचा जोर तोवर गेलेला.

४. पाहणी: खरं काम इथंच

बांधावर उभं राहून मका बघणं म्हणजे पाहणी नाही. बांधाकडच्या ओळींत नुकसान नेहमी वेगळं असतं, कधी जास्त कधी कमी, त्यावरून आतलं काही कळत नाही.

उगवणीनंतर आठवड्यानं सुरू करा, आठवड्यातून दोनदा, सकाळी. कडेच्या चार-पाच ओळी सोडून आत शिरा आणि इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखं नागमोडी चाला. वाटेत पाच ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी सलग २० झाडं बघायची. पाच गुणिले वीस म्हणजे शंभर, म्हणजे जेवढी झाडं लागलेली तेवढे टक्के, कॅल्क्युलेटर नको. शंभर झाडांना अर्धा-पाऊण तास जातो, जास्त नाही.

झाडावर काय बघायचं:

अंडी. पानाच्या वर किंवा खाली, बुंध्याजवळ, एका जागी शे-दोनशे अंड्यांचा पुंजका, त्यावर मादीच्या अंगाची राखाडी लव चिकटवलेली. लांबून बुरशी आल्यासारखं दिसतं, म्हणून लोक सोडून देतात. २ ते ३ दिवसांत फुटतात.

कागदी डाग. नुकत्या निघालेल्या अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून खातात आणि खालचा पापुद्रा ठेवतात, त्यामुळं पानावर पांढरट पारदर्शक खिडक्या दिसतात. हे दिसलं की तुम्ही बरोबर वेळेला आलात. या अळ्या धागा सोडून वाऱ्यावर शेजारच्या झाडांवर जातात, म्हणून सुरुवातीला नुकसान गोल टप्प्याटप्प्यानं असतं, एका ठिकाणी दहा-बारा झाडं आणि बाकी रान साफ.

गोळीबार झाल्यासारखी भोकं आणि भुसा. अळी दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेच्या पुढं गेली, पोंग्यात शिरली. इथून पुढं एका पोंग्यात एक, फार तर दोन अळ्या सापडतात कारण त्या एकमेकींना खातात.

आता ही गोष्ट सगळ्यात जास्त चुकते, नीट वाचा. मका वाढतो, पोंग्यातलं पान उलगडून बाहेर येतं, आणि आठ दिवसांपूर्वी आत खाल्लेली भोकं आज बाहेर दिसतात. माणूस भोकं बघून घाबरतो आणि फवारतो, अळी मात्र कधीच मेलेली किंवा जमिनीत कोषात गेलेली. म्हणून जुनी भोकं मोजायची नाहीत. फक्त वरची दोन-तीन नवी पानं आणि पोंगा बघा. पोंग्यातला भुसा बोटानं दाबा: ओला, मऊ, हिरवट-पिवळसर असेल तर अळी आत आहे, ते झाड मोजा. वाळून तपकिरी झालेला, चुरा होणारा असेल तर ते झाड सोडा.

तपासा: दर पाहणीत लागलेल्या झाडांपैकी निदान दहा पोंगे उकलून अळ्यांची लांबी बघा. अर्ध्या इंचाच्या आतली अळी औषधानं पटकन मरते. इंचाच्या पुढं गेली की अवघड. पूर्ण वाढलेली अळी दीड इंचापर्यंत जाते, आणि तिच्या आयुष्यभराच्या खाण्यातला मोठा वाटा ती शेवटच्या चार-पाच दिवसांत खाते. म्हणून तर "कालपर्यंत रान चांगलं होतं, एका रात्रीत फस्त केलं" असं वाटतं. एका रात्रीत नाही, दोन आठवडे ती आतच होती.

आणि वहीत तारीख, टक्के, अळीचा आकार, सापळ्यातले नर असं एका ओळीत लिहा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून "हे काय आहे" विचारण्यापेक्षा ही ओळ पाठवली तर कुणीही सल्ला देऊ शकतो.

५. आकडा आला, आता करायचं काय

उगवणीनंतर पहिले तीन-चार आठवडे: १०० पैकी ५ झाडं लागलेली असली की हालचाल करायची. मका कोवळा असतो, एवढ्यावरच सावध व्हायचं.

पाच ते सात आठवडे: मधल्या पोंगा अवस्थेत १० टक्के, उशिराच्या पोंगा अवस्थेत २० टक्के. त्याच्या खाली असाल तर पंप घरात राहू द्या. पानं फाटलेली वाईट दिसतात खरी, पण मका पानांच्या नुकसानीतून चांगलाच सावरतो, आणि नुसतं दिसायला वाईट म्हणून फवारणी करणं हा महागडा शौक आहे.

तुरा आल्यावर: रासायनिक फवारणी करायची नाही. कारण नवव्या टप्प्यात.

६. पहिला महिना: हात, राख-वाळू आणि जैविक

पाहणी करतानाच अंड्यांचे पुंजके आणि खिडक्या पडलेली पानं तोडून घ्या, डब्यात रॉकेल मिसळलेलं पाणी ठेवा, त्यात टाका. एक पुंजका म्हणजे शे-दोनशे अळ्या, म्हणजे घरच्या माणसांनी सकाळी दोन तास फिरून पंचवीस पुंजके काढले तर हिशोब तुम्हीच करा. मोठ्या रानात हे जमत नाही हे खरं, पण एक-दोन एकरवाल्यानं याला हसू नये.

वाळू आणि चुना ९ ला १ या प्रमाणात मिसळून पहिल्या तीस दिवसांत पोंग्यात चिमूटभर टाकतात. बारीक कोरडी वाळू घ्या, खड्याची नको, आणि पोंगा गच्च भरायचा नाही. काही जण नुसती चुलीची राख टाकतात, त्यानंही थोडाफार फरक पडतो, पण पाऊस झाला की परत टाकावी लागते.

५ टक्के झाडं लागली आणि अळी अजून बारीक आहे तेव्हा ५ टक्के निंबोळी अर्क किंवा ॲझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम, लिटरला ५ मिली. अर्क घरी करायचा तर ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यानं दोनदा गाळा (नाहीतर नोझल चोंदून अर्धा दिवस त्यातच जातो), १०० लिटर करा, थोडा साबणाचा चुरा विरघळवून घाला. निंबोळीनं अळी टपकन मरत नाही, तिचं खाणं आणि वाढ बिघडते, त्यामुळं दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या शोधू नका.

पावसाळी दमट हवा असेल तर मेटारायझियम ॲनिसोप्ली लिटरला ५ ग्रॅम, पेरणीनंतर १५ ते २५ दिवसांत पोंग्यात जाईल असं. ही जिवंत बुरशी आहे, त्यामुळं बुरशीनाशकासोबत मिसळायची नाही, दुपारच्या उन्हात मारायची नाही, आणि दुकानात काचेच्या कपाटात उन्हात ठेवलेला पुडा घ्यायचा नाही. बीटी (अळी मारणाऱ्या जिवाणूचं औषध) असेल तर लिटरला २ ग्रॅम, तेही लहान अळीवरच.

ट्रायकोग्रामाची कार्डं मिळत असतील तर एकरी ५० हजार, आठवड्याच्या अंतरानं, सापळ्यात पतंग वाढले की लगेच. हे बारीक कीटक अंड्यातच अळी संपवतात. कार्ड पानाच्या खालच्या बाजूला टाचायचं, संध्याकाळी. पण कार्डं लावून दोन दिवसांनी रासायनिक फवारा मारला तर ते पैसे मातीत, मग दोन्हीतलं एकच ठरवा. एकरी दहा पक्षी थांबेही लावा, मका त्यांच्या वर जाईपर्यंत तरी त्यांचा उपयोग होतो.

थांबा: कधी कधी पोंग्यात अळी कडक, पांढरी किंवा हिरवट पावडर लागलेली सापडते, कधी पानाला उलटी लटकलेली आणि स्पर्श केला की पाणी. पहिली बुरशीनं मेली, दुसरी विषाणूनं. ऑगस्टच्या झडीत हे बऱ्याचदा आपोआप होतं. उकललेल्या दहा पोंग्यांत अशा तीन-चार दिसल्या तर फवारणी चार दिवस पुढं ढकला आणि परत मोजा. जोराच्या पावसानं पोंग्यात पाणी साचूनही बारीक अळ्या मरतात, म्हणून मोठा पाऊस झाला की जुना आकडा विसरा आणि नवीन मोजणी करा.

७. रासायनिक फवारणी: करायचीच तर अशी

टक्के ओलांडलेत, अळी ताजी आहे, लहान-मध्यम आहे. मग या क्रमानं:

(अ) औषध ठरवा. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी लिटरला ०.४ मिली, किंवा स्पिनेटोरम ११.७ एससी ०.५ मिली, किंवा इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी ०.४ ग्रॅम. यातलं कोणतंही एक. आता ती वही काढा. बियाण्याला सायॲन्ट्रानिलीप्रोल लागलेलं असेल तर पहिला फवारा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोलचा घेऊ नका, दोन्ही एकाच घराण्यातली औषधं आहेत आणि तेच तेच दिलं की अळीला त्याची सवय होते. त्याऐवजी स्पिनेटोरम किंवा इमामेक्टिन घ्या. दुसरा फवारा लागलाच तर पहिल्यातलं औषध परत नको. अख्ख्या पिकाला दोनच रासायनिक फवारे, तिसऱ्याची वेळ आली तर कुठंतरी वरचा टप्पा चुकलाय. ब्रँड वेगळा म्हणजे औषध वेगळं असं नाही, बाटलीवरचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा, आणि त्या लेबलवर मका आहे का तेही.

(आ) पंपाचा हिशोब. "एक झाकण टाकायचं" हा हिशोब नाही, झाकणं वेगवेगळ्या मापाची असतात. पंप १६ लिटरचा आहे की २० चा ते बघा. १६ लिटरला क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल ६.४ मिली, इमामेक्टिन ६.४ ग्रॅम, स्पिनेटोरम ८ मिली. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा आणि ती औषधालाच ठेवा. भरात आलेल्या मक्याला एकरी २०० लिटर पाणी म्हणजे १६ चे साडेबारा पंप. गडी सहा पंपांत एकर उरकून आला तर पोंगे कोरडेच राहिले समजा.

(इ) कॉकटेल नको. विद्राव्य खत, टॉनिक, चिकटद्रव्य, दोन कीटकनाशकं, सगळं एका टाकीत. दुकानात "सोबत हे पण घ्या" म्हणतात आणि आपण घेतो. एक औषध, स्वच्छ पाणी, हवं तर चिकटद्रव्य. बास.

(ई) वेळ. संध्याकाळी चारनंतर किंवा अगदी सकाळी. अळी उन्हात पोंग्यात खोल बसते आणि संध्याकाळी वर येते, शिवाय इमामेक्टिनसारखं औषध उन्हानं लवकर खराब होतं. पुढच्या चार-पाच तासांत पावसाचा रंग दिसत असेल तर थांबा.

(उ) नोझल पोंग्यावर. पहिल्या वर्षी मीही मोटर पंपानं वरून धुकं मारलं होतं, रान कसं हिरवंगार भिजलेलं, मन खूश. तिसऱ्या दिवशी एक पोंगा ब्लेडनं उभा चिरला. वर भुशाचा बोटभर बूच, खाली कोरडं पान, आणि त्यात आरामात बसलेली अळी. औषध बुचावरून घरंगळून गेलं होतं. तेव्हापासून नोझल पोंग्याच्या वर वीतभर धरून खाली तोंड करून, प्रत्येक झाडाला क्षणभर थांबून, पोंग्यात औषधाचे थेंब साचतील एवढं. चालायचा वेग कमी होतो, मजुरी वाढते, पण दुसरा फवारा वाचतो. ड्रोनवाल्याला बोलावणार असाल तर हेच विचारा, पोंग्यात किती उतरतं, आणि फवारल्यावर पोंगे उकलून स्वतः बघा.

इशारा: हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चालायचं नाही. मका डोक्याच्या वर गेल्यावर आत शिरून फवारणं तर नकोच, सगळं अंगावर येतं. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन लोक गेले, उंच वाढलेल्या कपाशीत, उकाड्यात, मिश्रणं करून फवारताना. चक्कर, मळमळ, डोळ्यांसमोर अंधारी आली तर पंप तिथंच ठेवा, कपडे बदला, अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. बाटली नेली तर डॉक्टरला काय घेतलंय ते कळतं.

८. फवारणीनंतर: लगेच पंप उचलू नका

फवारायच्या आधीच रानात पाच ठिकाणी चार-चार लागलेल्या झाडांना जुन्या साडीच्या चिंध्या बांधा. तीच वीस झाडं नंतर बघायची, म्हणजे "फरक पडला वाटतं" असं मोघम राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अळी जिवंत दिसते आणि माणूस दुकानात पळतो. ही औषधं घेतल्यावर अळी काही तासांत खाणं बंद करते पण मरायला दोन ते चार दिवस घेते. म्हणून चौथ्या दिवशी बघा. काडीनं टोचा: सुस्त, आखडलेली, अंग बारीक झालेलं असेल तर काम झालं. भुसा वाळलेला असेल आणि नवीन पान साफ उलगडत असेल तर काम झालं. चिंधीच्या वीसपैकी सहा-सात झाडांत ओला भुसा आणि तरतरीत अळी असेल तर आधी शोधा की पोंगा भिजला होता का, मात्रा बरोबर होती का, पाऊस आला होता का. यातलं काही नसेल तरच दुसऱ्या घराण्यातलं औषध, निदान आठ-दहा दिवसांच्या अंतरानं आणि परत मोजूनच.

वैरणीचा किंवा मुरघासाचा मका असेल तर वेगळा नियम: शक्यतो रासायनिक नकोच, निंबोळी, बीटी, मेटारायझियमवर भागवा. मारावंच लागलं तर फवारणी आणि कापणीत किमान ३० दिवस. आमच्याकडं दूधवाले घाईत कापतात, कालच फवारलेलं आज कुट्टीत, आणि मग गाय का चरत नाही म्हणून डॉक्टर बोलवतात.

९. अळी मोठी झाली किंवा तुरा आला

पोंग्यात इंच-दीड इंचाच्या अळ्या आहेत आणि बूच बसलंय, तिथं फवारा फुकट. तिथं विषारी आमिष वापरतात: १० किलो भाताचा कोंडा, २ किलो गूळ, दोन-तीन लिटर पाणी, कालवून २४ तास झाकून आंबवायचं, आणि रानात टाकायच्या अर्धा तास आधी १०० ग्रॅम थायोडीकार्ब मिसळायचं. संध्याकाळी हातमोजे घालून पोंग्यात चिमूट-चिमूट. आदल्या दिवशीच औषध मिसळून ठेवायचं नाही. आणि हे गोड वासाचं असतं, कोंबड्या, शेळ्या, वासरं, लेकरं, कुणालाच जवळ जाऊ देऊ नका, उरलेलं खड्ड्यात पुरा, ज्या घमेल्यात कालवलं ते परत जनावरांच्या पेंडीला वापरू नका. वैरणीच्या मक्यात हा प्रकार अजिबात करायचा नाही, आणि पहिल्यांदा करत असाल तर कृषी सहायकाला विचारून करा.

तुरा निघाल्यावर अळी कणसात जाते, कणसावरच्या पानांखाली, तिथं औषध पोचत नाही. शिवाय फवारणाऱ्याच्या डोक्यावरून मका गेलेला, पराग गोळा करायला मधमाश्या तुऱ्यावर असतात, आणि कणीस खायचं पीक आहे. या वेळी फवारून पैसे वसूल होत नाहीत. कणसातल्या अळ्या वेचता आल्या तर वेचा, नाहीतर पुढच्या हंगामाकडं बघा.

१०. ज्वारी, बाजरी, भात असेल तर

हीच अळी रब्बी ज्वारीवरही येते, पोंग्यात तशीच बसते, पाहणी तीच. औषधाच्या लेबलवर ज्वारी नसेल तर निंबोळी आणि जैविकवर राहा, कडब्याची जनावरं आहेत घरात.

पण जुनी, आपली देशी लष्करी अळी वेगळी, आणि तिच्याशी गल्लत होते. ती दिवसा मातीच्या भेगांत, ढेकळांखाली, धसकटांत लपते आणि रात्री वर येऊन पानं, भातात तर लोंब्यासुद्धा कुरतडते. दिवसा रान बघून काहीच सापडत नाही. रात्री आठ-नऊला टॉर्च घेऊन जा. जास्त पावसानंतर थव्यानं येते आणि एक रान संपवून शेजारच्या रानात चालत जाते, नावाप्रमाणं. तिच्यासाठी बांधाकडेनं चर खणून अडवता येतं, भातात पाणी भरलं की अळ्या वर चढतात आणि पक्ष्यांना सापडतात, आणि फवारणी पोंग्यात करायची नाही तर संध्याकाळी उशिरा बुंध्याकडं करायची.

११. मका निघाल्यावर

कणसं मोडून झाली की धसकटं उभी ठेवून महिनाभर रान तसंच पडू देतात, आणि शेजारी उगवलेली मक्याची चुकार रोपं हिरवी राहतात. त्याच रोपांवर अळी हिवाळा काढते. चुकार रोपं उपटा, बांधावरचं गवत काढा, एक सापळा नव्या ल्युअरसकट रिकाम्या रानात राहू द्या आणि आठवड्याला एकदा बघत जा.

मग नांगरट. रात्री ट्रॅक्टर स्वस्त मिळतो म्हणून रात्री करू नका, सकाळी करा. एक ढेकूळ फोडून बघा, तांबूस-तपकिरी, अर्ध्या इंचाचा चकचकीत कोष दिसतो, हातात धरला की शेपूट हलवतो. नांगराच्या मागं बगळे आणि साळुंक्या उतरतात, त्यांना हाकलू नका, आणि दोन तास तरी फणाच्या मागं फिरू द्या.